घरांतील गुरुबंधू

शिकणें हें लहानांचें काम आणि शिकविणें हें थोरांचें, अशी वांटणी आपल्या घरांतून फार दिवस चालत आलेली आहे. मुलगा शाळेंतून परत आला म्हणजे "आज काय शिकलास?" असें आईबाप त्यास विचारतात, आणि तें योग्यच आहे. परंतु मुलानें उलट "बाबा, तुम्ही आज काय शिकलां?" असा प्रश्न केला, तर किती वडिलांस त्याचें उत्तर देतां येईल?

उत्तर न आल्यास त्यांत वडिलांचा अपराध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. नोकरीधंद्याच्या धांवपळींत मनुष्यास जें येतें त्यावरच निभाव करावा लागतो. नवें कांहीं प्रथमपासून शिकावयास सवड कोठून मिळणार? तथापि याचा एक परिणाम मुलांच्या मनावर नकळत होत असतो, व त्याकडे पालकांचें लक्ष वेधावें एवढ्याकरितां हा लेखनप्रपंच आहे. मुलांस आपले आईबाप नेहमीं जाणते असेच दिसतात. एखादी गोष्ट त्यांस मुळींच येत नाहीं, ती शिकावयास ते बसले आहेत, चुकत आहेत, आणि चुकलेलें पुन्हां करीत आहेत, असें दृश्य बहुतेक मुलांच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं.

तेरा ते सोळा हें वय या बाबतींत फार नाजुक आहे. ह्या वयांत मुलांस आपली अब्रू कळूं लागते. लहान मूल पडलें तर रडतें आणि उठतें. चौदा वर्षांचा मुलगा पडला तर आजूबाजूस कोणी पाहिलें तर नाहीं ना, हें तो आधीं पाहतो. घरांतील थोर माणसें कधींच चुकत नाहींत असें ज्यानें लहानपणापासून पाहिलें, त्याची अशी समजूत होते कीं, मोठें होणें म्हणजेच न चुकणें होय. मग स्वतःची चूक झांकण्याकडे त्याची बुद्धि खर्च होऊं लागते. गणितांत नापास झालेली उत्तरपत्रिका घडी होऊन दप्तराच्या तळाशीं जाते. प्रगतिपुस्तकावर सही घेण्याचा दिवस आज-उद्यां करीत पुढें ढकलला जातो. शिक्षकांस हे प्रकार नवे नाहींत. आईबापांस मात्र ते बहुधा सर्वांच्या शेवटीं कळतात. मूल नापास झालें यापेक्षां तें आपल्याजवळ बोललें नाहीं, याचेंच दुःख अशा वेळीं पालकांस अधिक होतें.

यावर उपदेशाची मात्रा फारशी चालत नाहीं. "चुकलास तरी चालेल, पण सांगत जा," असें शंभर वेळां बजावलें तरी ज्या गोष्टीचा पुरावा मुलाच्या डोळ्यांसमोर नाहीं तीवर त्याचा विश्वास बसत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, आईनें किंवा वडिलांनीं आपल्या वाढत्या मुलाबरोबर एखादी अगदीं अपरिचित विद्या पहिल्या पायरीपासून शिकावयास घ्यावी, आणि दोघांनीं ती एकाच गुरूजवळ शिकावी. एका गुरूच्या दोन शिष्यांस आपल्याकडे गुरुबंधू म्हणतात. नात्यानें बाप व मुलगा, किंवा आई व मुलगी असलेलीं दोन माणसें आठवड्यांतून एक-दोन तास गुरुबंधू झालीं, तर उरलेल्या सहा दिवसांच्या नात्यासही त्यानें बळकटी येईल, असा आमचा विश्वास आहे.

अशी विद्या कोणती घ्यावी? गायन आहे, चित्रकला आहे, पोहणें आहे. परंतु साधारण कुटुंबाच्या आवांक्यांतली, घरांत बसून करतां येणारी, आणि जिचें फळ थोड्याच दिवसांत हातीं लागतें अशी विद्या म्हणून आम्ही शिवणकामाची शिफारस करतों. आरंभास यंत्रही लागत नाहीं. एक सुई, दोऱ्याचें रीळ, कात्री, मोजपट्टी आणि जुन्या चादरीचा तुकडा एवढ्यावर पहिला महिना निघतो. शिवाय शाळेच्या निकालांत या घरच्या शिवणाचे गुण धरले जात नाहींत, हा त्याचा मोठाच गुण होय. गणित किंवा इंग्रजी शिकवावयास बाप बसला कीं पांच मिनिटांत त्यांतून परीक्षा डोकावूं लागते. सुईस परीक्षा ठाऊक नाहीं.

पहिल्याच दिवशीं थोरपणाची एक घडी मोडते. चाळिशी ओलांडलेल्या माणसास सुईच्या नेढ्यांत दोरा ओवणें जड जातें. मुलगा तो एका क्षणांत ओवून देतो. उलट, सरळ रेषेंत धीरानें धांवदोरा घालतांना पुष्कळदां आईचा हात स्थिर राहतो आणि मुलगी घाईनें लांब लांब टांके टाकीत सुटते. कोणी एका गोष्टींत पुढें, कोणी दुसऱ्या गोष्टींत. हा हिशेब वयावर लागत नाहीं. आणखी एक लाभ असा कीं, या वयाच्या मुलांस समोर बसवून प्रश्न केले तर तीं मिटून जातात. पण शेजारीं बसून, हात कामांत आणि दृष्टि कापडावर असतांना, तींच मुलें आपण होऊन बोलूं लागतात.

धांवदोरा, टीप, तुरपाई, काज आणि बटण एवढें हातानें नीट येऊं लागलें म्हणजे यंत्राकडे वळावें. हातसुईचें नेढें मागच्या टोंकास असतें, तर यंत्राच्या सुईचें पुढच्या अणीपाशीं असतें. ह्या सुईनें वरचा दोरा कापडांतून खालीं न्यावयाचा आणि शटलमधील दुसऱ्या दोऱ्याशीं तो गुंतवावयाचा, अशा रचनेच्या यंत्राचें पेटंट इलायस हौ यानें १८४६ सालीं अमेरिकेंत घेतलें. आयझॅक सिंगर याचें पेटंट १८५१ सालचें आहे. पायानें चालविण्याच्या यंत्रावर नवशिक्यास प्रथम दोरा न ओवतां नुसतें पायडल मारावयास लावतात, कारण आरंभीं चाक हटकून उलटें फिरतें. नंतर वहीचा रेघी कागद सुईखालीं धरून, रेघ न सोडतां बिनदोऱ्याची सुई चालवावयाची. कागदावरील छिद्रें रेघेवर पडूं लागलीं कीं मगच कापड. साध्या सुती कापडास चौदा नंबरची सुई पुरते, आणि टांका अडीच मिलिमीटरचा ठेवला तर एका इंचांत सुमारें दहा टांके बसतात.

पुढें एक दिवस असा येतो कीं, कापडाच्या वरच्या बाजूस टीप सुरेख दिसते आणि उलटून पाहावें तों खालीं दोऱ्याचा नुसता गुंता. नवशिका आपला सर्व राग खालच्या बॉबिनवर काढतो. जाणता कारागीर मात्र प्रथम वरचा दोरा तपासतो. कारण खालीं पडणारे फांस बहुधा वरचा दोरा नीट न ओवल्यामुळें किंवा त्याचा ताण सैल राहिल्यामुळें पडलेले असतात. मुलांच्या वागणुकींत दिसणाऱ्या गुंत्याचें कारणही कित्येकदां वरच्या पिढीच्या ओवणींत असतें. हीच गोष्ट दुसऱ्या माणसानें सांगितली तर बापास राग येईल. यंत्र ती त्यास न दुखवितां सांगतें.

आमच्या परिचयांतील एका बाईंनीं आपल्या नववींतील मुलासह शेजारच्या शिवणवर्गांत नांव घातलें. तीन-चार महिन्यांनीं दोघांनीं छापील कापडाचे झब्बे बेतले. बाहीची पुढची गोलाई मागच्या गोलाईहून खोल असते. म्हणून एक बाही कापल्यावर दुसरीसाठीं नमुन्याचा कागद उलटा ठेवावा लागतो. बाईंनीं तो दोन्ही वेळां एकाच बाजूनें ठेवला, आणि दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. छापील कापडास सुलट व उलट बाजू असल्यामुळें एक बाही नुसती फिरवून घेण्याचीही सोय नव्हती. ही चूक प्रथम मुलाच्या ध्यानांत आली, आणि तो पोट धरून हंसला. "खरेंच कीं!" एवढेंच म्हणून बाईही हंसल्या. त्यांनीं कात्रीच्या टोंकानें एक एक टांका सोडवून बाही उसवली. दुसऱ्या बाहीपुरतें कापड उरलें नव्हतें, म्हणून काखेपाशीं जोड देऊन ती पुरी केली. तो झब्बा त्यांनीं जोडासकट वापरला.

यानंतर पंधरवड्यानें सहामाहीच्या गणिताची उत्तरपत्रिका त्या मुलानें आपण होऊन शिवणयंत्राच्या फळीवर आणून ठेविली. शंभरांपैकीं सत्तावीस गुण होते. तो म्हणाला, "आई, हें कोठून उसवायचें?" बाईंस गणित फारसें येत नव्हतें, दोघें मिळून शिक्षकांकडे गेलीं. वार्षिक परीक्षेंत त्याचे गुण किती वाढले हें आम्ही विचारलें नाहीं. दप्तराच्या तळाशीं जावयाचा कागद फळीवर आला, हीच त्या शिवणवर्गाची मिळकत आम्ही समजतों.

थोरांनीं विद्यार्थी होणें ही आपल्या देशांत अपूर्व गोष्ट नव्हे. रमाबाई रानडे १८७३ सालीं विवाह होऊन सासरीं आल्या तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ति रानड्यांनीं त्यांस घरीं शिकविलें, आणि घरांतील वडील स्त्रियांचा रोष सोसून त्या शिकत राहिल्या. पुढें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन सुरू झालें. त्याच्या कार्यांत प्रौढ स्त्रियांचे वर्ग होते आणि शिवणकामही होतें. ज्या काळीं मोठ्या बाईनें पाटी हातीं घेणें हें हंसण्यावारीं नेलें जाई, त्या काळीं या स्त्रियांनीं तें केलें. आजच्या पालकांस तितकें धैर्य लागत नाहीं.

हाताच्या कामाचें शिक्षणांतील महत्त्वही आपल्या नेत्यांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. यंत्रांविषयीं महात्मा गांधींचें मत सर्वश्रुत आहे. तरीही १९२४ सालीं झालेल्या एका संभाषणांत त्यांनीं शिवणयंत्रास अपवाद मानिलें, कारण त्याच्या मुळाशीं कष्टणाऱ्या माणसाविषयींचें प्रेम आहे असें त्यांस वाटे. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षणपरिषदेंत हस्तोद्योगाभोंवतीं शिक्षण गुंफण्याचा विचार पुढें आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांतही सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून स्थानिक कारागिरांजवळ काम पाहावें, शिकावें, अशी योजना आहे. मुलांच्या हातीं हत्यारें देण्याची तरतूद अशी झाली. आईबापांच्या हातीं सुई देणारें धोरण मात्र ज्याचें त्यानेंच आपल्या घरीं ठरवावयाचें आहे.

आतां कांहीं आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, तयार कपडे हवे तितके मिळत असतां हा खटाटोप कशाला? कापड, दोरा आणि वेळ यांचा हिशेब मांडला तर घरीं शिवलेला झब्बा कित्येकदां महागच पडेल, हें आम्हांस मान्य आहे. काटकसरीचें आमिष आम्ही कोणास दाखवीत नाहीं. मात्र ज्यास टीप घालतां येते तो निघालेल्या बटणासाठीं सदरा टाकून देत नाहीं, आणि फाटलेल्या खिशाची चोळीमोळी करून विजार अडगळींत फेंकीत नाहीं. शिवाय एक झब्बा शिवावयास किती टांके लागतात हें ज्याच्या बोटांस कळलें, तो शिंप्याशीं दरासाठीं हुज्जत घालतांना दोनदां विचार करील.

दुसरा आक्षेप, हें बायकी काम आहे, मुलग्यांस व बापांस तें शोभत नाहीं. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं आपल्या गांवच्या बाजारपेठेंतून एक फेरी मारावी. शिंप्याच्या दुकानांत यंत्रावर बसलेला कारागीर बहुतकरून पुरुषच दिसेल. संत नामदेव शिंपी कुळांत जन्मले, आणि गज, कात्री, सुई या आपल्या व्यवसायांतील वस्तूंस त्यांनीं भक्तीच्या वर्णनांत मानाचें स्थान दिलें. त्यांचीं पदें शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबांतही आहेत. मजुरी मिळते तेथें जें काम पुरुषाचें ठरतें, तेंच घरीं फुकट करावयाचें असलें म्हणजे बायकी होतें, हा न्याय मुलांस शिकवूं नये हें बरें.

तिसरा आक्षेप सवडीचा. हातांतील मोबाइलवर थोर माणसांचा किती वेळ जातो याचा हिशेब मुलें आपल्याहून बारकाईनें ठेवतात. त्यांतून रविवारचा एक तास काढणें कठीण आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

चौथा आक्षेप मात्र मोलाचा आहे. कित्येक पालक म्हणतील कीं, मुलांसमोर चुकत बसलों तर आमचा धाक काय राहील? मुलें डोक्यावर बसतील. यावर आमचें उत्तर असें : आईबाप चुकत नाहींत या समजुतीवर जो आदर उभा आहे, त्याचे दिवस मोजकेच आहेत. मूल सोळा-सतरा वर्षांचें झालें कीं त्यास आपल्या वडिलांच्या चुका दिसूंच लागतात; त्या त्यानें चोरून पाहाव्या कीं वडिलांच्या शेजारीं बसून पाहाव्या, एवढाच प्रश्न उरतो. चूक होतांच तिच्यावर पांघरूण न घालतां, कोणावर न चिडतां, शांतपणें टांके उसवून जो बाप पुन्हां शिवावयास बसतो, त्याचा शब्द मुलें मानतात. कारण त्यानें सांगितलेलें स्वतः केलेलें त्यांनीं पाहिलेलें असतें.

हा प्रयोग करूं पाहणाऱ्यांसाठीं चार व्यवहाराच्या सूचना करणें इष्ट वाटतें. शिकविण्याचें काम आईनें किंवा बापानें आपल्याकडे घेऊं नये. शेजारचे शिंपी, शिवणवर्गाच्या बाई, अथवा घरांतील आजी यांस गुरु करावें. मुलाची नजर चुकवून रात्रीं सराव करूं नये; तसें केलें तर पुन्हां जाणतेपणाचें सोंग सुरू झालें. दोघांनीं मिळून एक वस्तु करण्यापेक्षां प्रत्येकानें आपापली करावी, म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या माथीं येत नाहीं. प्रथम पिशवी, मग उशीचा अभ्रा, मग नाडीचा पायजमा, या क्रमानें जावें. कोरें सुती कापड बेतण्यापूर्वीं धुऊन घ्यावें, नाहीं तर पहिल्या धुण्यास तें आटतें व सगळे श्रम वायां जातात. आणि सर्वांत महत्त्वाचें, मुलाचे टांके सुधारण्यासाठीं बोट पुढें करण्यापूर्वीं आपले टांके पाहावे. ज्यांस हें साधणार नाहीं त्यांनीं या वाटेस न गेलेलें बरें. तसेंच मुलास शिवणाची गोडी नसेल तर सक्ती करूं नये. सायकलदुरुस्ती आहे, सुतारकाम आहे, दोघांसही नवी असलेली कोणतीही विद्या चालेल.

विद्यार्थी मित्रहो, चार शब्द तुम्हांसही सांगावयाचे आहेत. आई किंवा बाबा तुमच्या शेजारीं नवशिके होऊन बसले, तर त्यांच्या वांकड्या टिपेस खुशाल हंसा. पण ती टीप चारचौघांत सांगत फिरूं नका. तुमचीं अशींच कित्येक गुपितें त्यांनीं आजवर पोटांत ठेवलीं आहेत.

शिवणीच्या आंत जें जास्तीचें कापड राखून ठेवतात त्यास आपल्याकडे 'माया' म्हणतात. वाढत्या अंगाच्या मुलाचा कपडा बेततांना ती थोडी अधिकच ठेवतात, म्हणजे पुढल्या वर्षीं शिवण उसवून कपडा सैल करतां येतो. वरून पाहणारास ती दिसत नाहीं. आणि मुळींच ठेवली नसेल तर अंग भरूं लागतांच शिवणीवर ताण येतो व कापड तेथेंच फाटतें. मुलांच्या आयुष्याची बेतणी करतांना अभ्यास, शिस्त, मार्क यांचीं मापें आपण काटेकोर घेतों, आणि तीं घ्यावींही. परंतु चुकण्यास, उसवण्यास आणि पुन्हां शिवण्यास जागा राहील इतकी माया कडेला सोडली आहे काय, हें प्रत्येक पालकानें स्वतःशीं पाहावें.

येत्या सुटींतल्या एखाद्या रविवारीं घरांतली जुनी चादर काढावी, तिचे दोन सारखे तुकडे करावे, एक आपण घ्यावा व एक मुलास द्यावा. आणि दोरा ओवावयास प्रथम त्यालाच सांगावें.